ठेवलेली व्यक्ती

फोन वाजला तेव्हा तो उचलायला घरात अण्णांशिवाय कुणी नव्हतं, आणि सगळा घोळ झाला तो एवढ्यामुळेच. मुलगा कामावर गेला होता, सून खरेदीला. कंडक्टरबाई न्हाणीघरात होत्या. नवा गीझर, नव्या फरशा, धरायला भिंतीत बसवलेल्या चकचकीत दांड्या. एकदा आत शिरल्या की बाई पाऊण तास बाहेर येत नसत. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात अण्णांची खाट होती आणि खाटेच्या डोक्याशी फोन. न उचलावा तर कानातच वाजत राहणार.

पुढचं बोलणं अण्णांनी नंतर कागदावर उतरवून ठेवलं. चौतीस वर्षं कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहिलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं काही आठवतच नाही.

प्रश्न : नमस्कार, आपुलकी-निवास कार्यालयातून बोलतेय. आपण कोण?
उत्तर : या घरातला सगळ्यांत जुना माणूस.
प्रश्न : तुमच्याकडे ठेवलेली बाई आहे का?
उत्तर : काय?
प्रश्न : ठेवलेली बाई. आहे की नाही, एवढंच सांगा.
उत्तर : नाही.
प्रश्न : नक्की?
उत्तर : माझी नाही. मुलाची असली तर मला माहीत नाही, पण त्याच्या अंगात तेवढी धमक नाही.
प्रश्न : म्हणजे ‘नाही’ लिहू?
उत्तर : ठळक अक्षरात लिहा.

फोन आपटून अण्णांनी तावातावानं बोळात फेऱ्या मारल्या. बोळ चार पावलांचा, त्यामुळे राग काढायला पुरेना. तिसऱ्या फेरीला न्हाणीघरातून कंडक्टरबाईंचा खोकला ऐकू आला आणि अण्णा जागच्या जागी थांबले. फोनवरची मुलगी कशाबद्दल विचारत होती, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

आता हे नीट सांगायला हवं.

ज्या म्हाताऱ्यांना कुणी नाही, त्यांना अठरा खाटांच्या दालनात न टाकता एखाद्या नांदत्या घरात माणसांत राहू द्यावं, ही आपुलकी-निवास योजनेची कल्पना. कुणालाही आवडेल अशीच. पण कल्पनेची पुस्तिका काढायचं ठरलं, आणि पुस्तिका लिहायला असा एक माणूस बसवला की ज्याच्याशी जन्मात कुणी आईच्या भाषेत बोललं नसावं. घरात राहायला येणाऱ्याला काय म्हणावं, यावर त्यानं बरंच डोकं चालवलं असणार. पाहुणा म्हणता आला असता. सोबती म्हणता आला असता. त्यानं लिहिलं, ‘ठेवलेली ज्येष्ठ व्यक्ती’. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ठेवलेली. दाढीमिशांचा पैलवान आला तरी कागदोपत्री तो ठेवलेलीच.

*कलम ४. ठेवलेल्या व्यक्तीच्या सोयीसाठी यजमान कुटुंबाचे न्हाणीघर नव्याने बांधून देण्यात येईल.*

अण्णांच्या मुलाला आणि सुनेला समाजाची कणव आली ती या कलमापाशी. त्याआधीची तीन कलमं त्यांनी वाचली नव्हती. “समाजाचं आपण काही देणं लागतो, अण्णा,” असं मुलगा एका सकाळी म्हणाला. त्याच वेळी तो जुन्या न्हाणीघराच्या भिंतीवरची ओल नखानं खरवडत होता.

*कलम ५. ठेवलेल्या व्यक्तीस दार व खिडकी असलेली स्वतंत्र खोली द्यावी.*

रस्त्याकडे खिडकी असलेली खोली घरात एकच. ती अण्णांची. खिडकीतून समोरचं सलून दिसायचं, कोपऱ्यावरचा सिग्नल दिसायचा, आणि सिग्नल तोडणारे दिसायचे. त्यांना मनातल्या मनात दंड ठोठावण्यात अण्णांचा दिवस जायचा. “तात्पुरतं हो, अण्णा,” असं म्हणून सुनेनं त्यांची खाट बोळात नेऊन ठेवली. तात्पुरतं म्हणजे काय, हे अण्णांना कुणी शिकवायला नको होतं. एका विहिरीवरची तात्पुरती मनाई त्यांनी एकोणतीस वर्षं चाललेली पाहिली होती. तेवढ्यात विहीर आटली, वादी गेला, प्रतिवादी गेला, मनाई मात्र कायम.

त्या खोलीत कंडक्टरबाई आल्या. आयुष्य बसमध्ये उभ्यानं गेलेलं, मूल ना बाळ, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा. पहिल्या दिवशी बोळात अडकलेल्या अण्णांना त्या म्हणाल्या, “जरा आत सरका की, काका. मधे काय उभे राहता?” स्वतःच्या घरात आत सरकायला सांगणारी परकी बाई तेव्हाच अण्णांच्या डोक्यात गेली. आणि गेल्या तीन महिन्यांत या घरात अण्णांशी बोलणारं, निदान भांडणारं, तेवढं एकच माणूस होतं, हेही खरं.

बाकी सगळे बाईंशी बोलत. रोज बोलत. पुस्तिकेत तसं होतं. संध्याकाळी मुलगा हातात तक्ता घेऊन खिडकीशी बसे.

“आज आपल्याला कसं वाटतंय?”

“कालच्यासारखंच. पुढे चल.”

“आजच्या दिवसातली एखादी आनंदाची गोष्ट सांगाल का?”

“तू उशिरा आलास.”

वीस मिनिटं भरली की मुलगा तक्त्यावर खूण करी आणि बोळातून जाताना अण्णांचे पाय ओलांडून पुढे जाई. चार वाजता बाईंना फळ. चहात साखर किती, याची विचारणा. गुडघ्याला शेक. अण्णांना यातलं काही नाही, कारण अण्णा घरचे. घरच्या माणसांसाठी कुणी पुस्तिका काढत नाही.

तर अण्णांना चूक कळली तेव्हा काय करायला हवं होतं? फोन उचलायचा, आणि ‘बाई आहेत, न्हाताहेत’ असं सांगायचं. एका मिनिटाचं काम. अण्णांनी हात पुढे केलासुद्धा. पण फोनपर्यंत पोचायच्या आत त्यांना खोलीच्या उघड्या दारातून खिडकी दिसली. बाई नाहीत असं ठरलं, तर खोली रिकामी. अण्णांनी हात मागे घेतला. साक्षीदारांना ते चौतीस वर्षं एकच गोष्ट बजावत आले होते : विचारलं तेवढंच बोला. आणि आत्ता कुणी काही विचारत नव्हतं.

---

संध्याकाळी मुलगा घरी आला तो चेहरा पाडूनच.

“कार्यालयातून निरोप आलाय. ठेवलेली व्यक्ती आपल्या घरी आढळत नाही म्हणे! उद्या अकराला तपासनीस येतोय. व्यक्ती सापडली नाही तर बसवलेलं सगळं सामान काढून नेणार.”

“सगळं म्हणजे?” सुनेनं विचारलं.

“गीझर, दांड्या, फरशा.”

“फरशा? चिकटवलेल्या फरशा उचकटून नेणार? मेले न्हाणीघर नेतायत का चोरून!” सून भिंतीला टेकली. “कोण म्हणालं बाई नाहीत? फोन आला होता का? अण्णा?”

“आला होता.”

“काय सांगितलंत?”

“विचारलं ते.”

“काय विचारलं?”

अण्णांनी कागद पुढे केला. मुलानं तो दोनदा वाचला. ‘धमक नाही’ या ओळीवर तो जरा जास्त वेळ थांबला, पण बायको शेजारी असल्यामुळे वाद घालता येईना.

“अहो अण्णा, ठेवलेली म्हणजे तसली नाही! ठेवलेली म्हणजे आपल्याकडे... ठेवलेली!”

“कोण ठेवलेली?” असा आवाज खोलीतून आला. पाठोपाठ कंडक्टरबाईही आल्या. त्यांनी कागद हिसकावून घेतला, हात लांब धरून वाचला, आणि मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. बस सुटायच्या आधी कंडक्टर एकदा सगळ्या उतारूंकडे बघतो, तसं.

“मला हे म्हणतात? मी? अरे, बत्तीस वर्षं नोकरी केली. कुणी वाकडा शब्द काढला तर भर पुलावर गाडी थांबवून उतरवलाय त्याला. आणि म्हातारपणी मी ठेवलेली?”

“तो नुसता सरकारी शब्द आहे हो, बाई,” मुलगा काकुळतीला आला. “उद्या तपासनीस विचारेल, ‘तुम्ही ठेवलेल्या का?’ तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं. एकच अक्षर.”

“ते एक अक्षर तू म्हण.”

“नाहीतर तुम्हाला परत अठरा खाटांच्या दालनात नेतील!”

त्या दालनात बाई दोन वर्षं काढून आल्या होत्या. भिंतीवर टीव्ही, आणि त्याचं बटण कुणाच्याही हाताला न येणारं. एवढंच त्यांनी अण्णांना एकदा सांगितलं होतं, आणि मग भांडणाचा विषय बदलला होता. आता त्यांनी कागदाची घडी केली आणि अण्णांच्या मांडीवर टाकली.

“जाईन,” त्या म्हणाल्या. “पण ‘हो’ म्हणणार नाही.”

अण्णांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. खिडकी मिळणार होती आणि घास उतरत नव्हता. कोर्टात असताना निकाल त्यांनी नुसता टंकून दिलेला असे; दिलेला दुसऱ्याच कुणीतरी. आज पहिल्यांदाच आपल्या एका ‘नाही’नं एका माणसाची रवानगी होत होती, आणि ‘नाही’ला स्पेलिंगची चूक काढायलाही जागा नव्हती.

---

बरोबर अकराला बेल वाजली. तपासनीस काटकुळा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, खांद्याला पिशवी. पिशवीतून टेप निघाली, थर्मामीटर निघाला, शिक्का निघाला. माणूस सोडून सगळं मोजण्याची तयारी होती. तो आधी न्हाणीघरात गेला, पाण्याचं तापमान पाहिलं, दांड्यांना लोंबकळून पाहिलं आणि बाहेर येऊन “उत्तम” म्हणाला. मग बैठकीत आला. कोचावर अण्णा आणि कंडक्टरबाई, मधे उशी.

“ठेवलेली व्यक्ती, एक,” त्यानं फाईल उघडली. “यातली कुठली?”

“फायलीत नाव असेल ना?” सुनेनं विचारलं.

“छे! गोपनीयता. नाव, वय, बाई की पुरुष, काही ठेवत नाही आम्ही. फक्त क्रमांक.”

“मग ओळखता कसं?”

“विचारतो,” तो म्हणाला, आणि बाईंकडे वळून मोठ्या गोडीनं त्यानं विचारलं, “काय आजी, ठेवलेल्या का तुम्ही?”

बाई उभ्या राहिल्या.

“थोबाड सांभाळ! आईच्या वयाच्या बाईला काय विचारतोस रे? या घरातली बाई आहे मी. घरातली! ऐकू आलं का मागच्यांना?”

तपासनीस दोन पावलं मागे सरकला. “माफ करा, माफ करा. म्हणजे या सासूबाई का तुमच्या?” त्यानं सुनेला विचारलं. सुनेची मान हलली. ती होकारानं हलली की भीतीनं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तपासनिसानं मात्र ते लिहून घेतलं.

“आमच्या फोनवरच्या मुलीनंच गोंधळ घातला. ‘ठेवलेली’ वाचलं आणि बाईच धरून चालली. नवीन आहे. व्यक्ती स्त्रीलिंगी असते, बाई, माणूस कुठलाही असो! म्हणजे हे.” तो अण्णांसमोर खुर्ची ओढून बसला. “तुम्हाला ठेवलंय का इथे?”

“ठेवलंय.”

“कुठे?”

“बोळात.”

“कुणी?”

“यांनी.”

“कधीपासून?”

“तीन महिने झाले.”

चारही उत्तरं खरी होती. शपथेवर दिली असती तरी हीच दिली असती. तपासनीस उठला, बोळात गेला, टेप लावली. रुंदी सव्वादोन हात. खिडकी : नाही. दार : नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चष्मा नाकावरून कपाळावर गेला होता.

“काय चाललंय काय? ठेवलेल्या व्यक्तीला बोळात?”

“अहो, तुमचा गैरसमज होतोय,” मुलगा पुढे झाला. “हे माझे...”

“वडील असते तर प्रश्नच नव्हता हो! वडिलांना बोळात ठेवा, जिन्यात ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. पण ठेवलेल्या व्यक्तीला खिडकी लागते. ठेवलेली व्यक्तीच नसेल तर उद्या माणसं पाठवतो, फरशा काढून नेतील. हं, काय म्हणत होतात? हे तुमचे?”

मुलानं न्हाणीघराकडे पाहिलं. दार उघडं होतं. फरशा नुकत्याच पुसलेल्या होत्या.

“हे माझे... फार आवडते आहेत,” तो म्हणाला.

कंडक्टरबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. खोकला म्हणावा तर खोकला. अण्णांनी शेकडो साक्षीदार फिरलेले पाहिले होते. दोन शब्द खरे बोलून तिसऱ्यावर फिरलेला हा पहिलाच. आणि तो त्यांचा होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं जमिनीकडे.

“आवडते? बघू. यांची जन्मतारीख?”

मुलानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं छताकडे.

“औषधं कुठली?”

“एक पांढरी गोळी असते,” सून म्हणाली. “दोनसुद्धा असतील.”

“खायला काय आवडतं?”

“काहीही खातात! त्यांची काही कटकटच नाही.”

“आणि या सासूबाईंना?”

“चहात दीड चमचा साखर, रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, डावा गुडघा दुखतो, उजव्या कुशीवर झोपतात, वांगं नको, लसूण चालतो,” दोघं एका सुरात म्हणाली. तीन महिने तक्ता भरून पाठ झालं होतं.

“वा! आईचं सगळं तोंडपाठ. आणि परक्या म्हाताऱ्याची जन्मतारीख माहीत नाही. घरच्यांवर जीव टाकणारी माणसं बाहेरच्यांशी अशीच वागतात, पाहिलंय मी.” तपासनिसानं एक खूण इतक्या जोरात केली की कागद फाटला. मग आवाज मऊ करून तो अण्णांकडे वळला. “मुलंबाळं काही, आजोबा?”

“एक मुलगा.”

“भेटायला येतो?”

“नाही.”

“बोलतो?”

“नाही. परवा ‘पाय आवरा’ म्हणाला होता. ते बोलण्यात धरायचं असलं तर धरा.”

“राहतो कुठे? परगावी?”

“याच गावात.”

“पत्ता?”

“ही इमारत.”

तपासनिसाचा हात थांबला. “कितवा मजला?”

“हाच.”

तपासनिसानं पेन खाली ठेवलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला.

“एका मजल्यावर राहून बापाला भेटत नाही? कसला माणूस म्हणायचा हा?” तो मुलाकडे वळला. “तुम्ही ओळखता त्याला?”

“तशी... तोंडओळख आहे.”

“कसा आहे?”

“कामात असतो बिचारा.”

“बिचारा? मी तर त्याला नालायक म्हणेन! तुम्ही काय म्हणाल, बाई?”

“मी तर रोज म्हणते,” सून बोलून गेली. गेल्या दहा मिनिटांत त्या घरात एवढं एकच वाक्य मनापासून आलेलं होतं.

“शेवटचा प्रश्न,” तपासनीस म्हणाला. “आजोबा, नीट विचार करून सांगा. इथे राहायचंय का? नाहीतर दुसरं घर बघतो. चांगलं, उजेडाचं.”

सुनेनं पदर तोंडाशी नेला. मुलाच्या कपाळावर घाम. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि त्या वाक्यानं फरशा गेल्या असत्या, मुलाचं नाक गेलं असतं, ते दोन्ही अण्णांना चाललं असतं. पण त्याच वाक्यानं कोचावर उशीपलीकडे बसलेली बाई अठरा खाटांत गेली असती. बाई समोर बघत होत्या. विनवणी त्यांच्या चेहऱ्याला जमतच नव्हती.

“इथेच राहतो,” अण्णा म्हणाले. “खिडकी द्या म्हणावं.”

शिक्का बसला.

---

*तपासणीअंती आदेश. ठेवलेल्या व्यक्तीस खिडकीची खोली चोवीस तासांत द्यावी. घरातील ज्येष्ठ स्त्रीची सोय कुटुंबाने आपल्या पातळीवर पाहावी.*

पातळी म्हणजे बोळ. बाईंनी खाटेवर बसून पाहिलं, पाय पसरले, भिंतीला लागले. “गाडीच्या मागच्या सीटपेक्षा लांब आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जा, काका. वारा खा.”

आता त्या घरच्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना कुणी साखर विचारीना. ‘आपण’ म्हणेना. दोन दिवसांनी दूध उतू गेलं तेव्हा सून स्वयंपाकघरातून किंचाळली, “लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? एक काम धड होत नाही तुमच्यानं!” बाई पदर खोचून आत धावल्या आणि पुढचा अर्धा तास भांड्यांचा आणि दोन बायकांच्या जिभांचा एकच खणखणाट चालला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. “काका, मला ओरडली!” त्यांनी दारातून सांगितलं. “तीन महिने झाले, कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटलं, मी मेले की काय.”

अण्णा खिडकीशी बसून ऐकत. चारला फळ येई. सफरचंदाच्या फोडी, दात ना कवळी अशा माणसासाठी. संध्याकाळी मुलगा तक्ता घेऊन येई. “आज आपल्याला कसं वाटतंय?” तो विचारी, आणि डोळे तक्त्यावरच. जन्मात पहिल्यांदा मुलानं बापाला ‘आपण’ म्हटलं होतं. वीस मिनिटं भरली की खूण. पाय ओलांडायचे नव्हते, कारण खोली मोठी होती.

मग एकाच दिवशी, एकाच पोस्टमननं, एकाच दारात दोन लिफाफे टाकले. गौरव विभाग कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, नातेवाईक विभाग चौथ्यावर. दोघांची गाठ कधी लिफ्टमध्येसुद्धा पडली नव्हती.

*यजमान, तिसरा मजला यांस. ठेवलेल्या व्यक्तीची सोय चोवीस तासांत सुधारल्याबद्दल आपणास ‘आदर्श यजमान’ हे प्रशस्तिपत्र सानंद देण्यात येत आहे.*

*ठेवलेल्या व्यक्तीचे चिरंजीव, तिसरा मजला यांस. जन्मदात्याची हेळसांड केल्याबद्दल आपला निषेध करण्यात येत आहे. यापुढे दर रविवारी एक तास त्यांस भेटावे व नोंदवहीत सही करावी. कसूर झाल्यास व्यक्तीस अन्यत्र हलवण्यात येईल व यजमानाकडील सामान परत घेण्यात येईल.*

सुनेनं पहिलं पत्र चौकटीत घालून बैठकीत लावलं. दुसऱ्यावर ती म्हणाली, “त्यात काय? सही करून टाक. भेटायला कशाला जायचं? घरातच तर आहेस.”

पण वहीवर ठेवलेल्या व्यक्तीचीही सही लागत होती. आणि न झालेल्या भेटीखाली सही करायला अण्णा तयार नव्हते. चौतीस वर्षांत केली नव्हती.

“आणि भेटायला येणारा माणूस,” ते म्हणाले, “बाहेरून येतो. दारातून.” एवढं बोलून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी दहा वाजता मुलानं चपला घातल्या, बाहेर गेला, स्वतःच्या घराची बेल वाजवली. दार बाईंनी उघडलं.

“कोण पाहिजे?”

“अहो बाई, मी...”

“नाही, कोण पाहिजे?”

“अण्णा,” मुलगा म्हणाला. “अण्णांना भेटायचंय.”

“बसा. विचारून येते.”

तो स्वतःच्या कोचावर पाहुण्यासारखा टेकला. समोर चौकटीतला आदर्श यजमान त्याच्याकडे बघत होता. आपल्याच घरात वाट पाहताना काय करायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं खिशातून मोबाईल काढला. “तो बाहेर ठेवायचा,” बाई म्हणाल्या. “नियम आहे.” नियम बाईंचा होता, पण त्यानं ठेवला.

खोलीत अण्णा टेबलाशी वही उघडून बसले होते. अंगात धुतलेला सदरा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“या. बसा.”

मुलगा बसला. रस्त्यावर कुणीतरी सिग्नल तोडला, हॉर्न वाजले. अण्णांनी तिकडे पाहिलं नाही.

“तारीख लिहिली. वेळ लिहिली,” ते म्हणाले. “नात्याचा रकाना राहिलाय. काय लिहू?”

“अण्णा, आता पुरे ना. तुम्हाला माहीत नाही का?”

“मला माहीत असून भागत नाही. भेटायला येणाऱ्यानं सांगायचं असतं.”

बाहेर स्वयंपाकघरात बाई आणि सून कशावरून तरी तंडत होत्या. मुलानं दाराकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, वहीवर टेकलेल्या पेनाकडे पाहिलं. पेन थोडं थरथरत होतं. हे कधीपासून, ते त्याला माहीत नव्हतं.

“मुलगा,” तो म्हणाला.

अण्णांनी तो शब्द सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला, खाली रेघ ओढली आणि वही मिटली.

“मग असा कडेला काय टेकलायस?” ते म्हणाले. “नीट बस की रे.”